अर्धा मिलिमीटर

वरचा जबडा कापून पाच मिलिमीटर पुढे बसवला
त्याला आज वर्ष झालं.
सात रस्त्याच्या एक्स-रेवाल्याकडे
कानांत खुंट्या घालून उभी राहिले.
"वरलक्ष्मी कोडम, हलू नका."
मी कुठे हलतेय?
हलतंय का, तेच तर बघायचंय.

चार पट्ट्या, सोळा स्क्रू.
थंडीत टोचतात म्हणे.
मला कळते ती एकच, नाकाच्या डावीकडची,
पाचव्या दिवशी नळाला पाणी येतं
आणि पहाटे घागर लावून उभी राहते तेव्हा.
ओठ मात्र अजून परका आहे.
चहा ओघळला तर आधी हनुवटी सांगते.

इंगळगी डॉक्टरांनी बटर पेपरवर रेघा काढल्या:
काळी ऑपरेशनआधीची, निळी नंतरची,
लाल आजची.
लाल निळीला चिकटूनच होती,
फक्त एका ठिकाणी
ज्वारीच्या कण्याएवढी मागे.
"अर्धा मिलिमीटर. हाड थोडं परततंच.
आता थांबेल."
थांबेल म्हणाले.
थांबलं, असं नाही म्हणाले.

नायना कारखान्यातून आला, केसांत सुताचा भुगा.
अक्कलकोट रोडला तीस वर्षं टॉवेल विणतोय.
त्यानं बटर पेपर बल्बसमोर धरला,
माल तपासतात तसा, एक डोळा मिटून.
"मागावरचं माप खरं नसतं, पोरी.
पहिल्या धुण्यानंतर उरतं ते धरायचं."
मग बोटं मोजली.
"शंभराला दहा आटतं आमचं.
तुझं पाचाला अर्धा.
हिशेब तोच की!"
आणि हातपाय धुवायला गेला, निर्धास्त.

डब्यातली कडक भाकरी काढली.
पूर्वी मी ती हातानं मोडून आमटीत भिजवायची,
खालचे दात पुढे, वरचे मागे,
दोघांची गाठच पडायची नाही.
आता समोरच्या दातांनी तोडते. कट्ट.
तो आवाज मला अजून दुसऱ्या कुणाचा वाटतो.

अम्मा विड्या वळत होती, मांडीवर सूप.
कट्ट झालं तशी तिनं वर पाहिलं.
माझ्याशी बोलताना ती
नेहमी जराशी मागे बघते,
जिथे आधीचं तोंड होतं, तिथे.
एकवीस वर्षांची सवय.
तिला कुणी पट्ट्या मारल्या नाहीत.

"काय म्हणाले?" तिनं विचारलं.
मी म्हटलं, थोडी परत आलेय.
विडीला दोरा गुंडाळता गुंडाळता
ती हसली,
डॉक्टरांना सांगण्यासारखं नाही ते.