एकवचन

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनला दिवे लागतात.
टेबलावर नवा बोर्ड,
त्यावर नखाएवढी चिप: पूल म्हणतात तिला.
इकडून आलेलं चित्र तिकडे पोचवायचं, एवढंच काम.
ह्या पुलाला दारं मात्र चार.
पहिल्या पडद्यावर रंगांचे पट्टे आले.
बाकी तीन
नदीवरच्या कोवळ्या बर्फासारखे काळे.

इर्मेली हापसारी ड्रायव्हरच्या पोटात उतरली
आणि जिथे घोडं अडलं होतं ती ओळ सापडली.
सतरा वर्षांपूर्वीची. तैस्तोची.
"पूल दे, मी जोडतो,"
असं म्हणणारं एक फंक्शन.
कोणत्या दाराने, हे ते विचारतच नव्हतं.
वर त्याच्याच हातची टीप:
पुलाला दार एकच असतं.

एकवचनी होतं बिचारं,
दोन्ही अर्थांनी.
दिला शब्द सतरा वर्षं पाळला
आणि अनेकवचन शिकलं नाही.

तिने तैस्तोला फोन लावला.
तो आता हाउकिपुदासला असतो, मासे धरतो.
"एकच का गृहीत धरलंस?"
पलीकडे कप खाली ठेवल्याचा आवाज.
"माझ्या टेबलावर केबल एकच होती."
मग बराच वेळ
बर्फाला भोक कुठे पाडावं, ह्याबद्दल बोलला.

फंक्शनला एक शब्द वाढवायचा: दाराचा क्रमांक.
एक शब्द.
पण त्याला हाक मारणारे ड्रायव्हर त्रेचाळीस.
कुणी प्रोजेक्टरचा, कुणी दुकानातल्या तराजूचा,
एक अशा कंपनीचा जी केव्हाच मोडीत निघाली.
प्रत्येकाच्या उंबऱ्यावर जाऊन सांगायचं,
बाबांनो, आजपासून दार बोलून दाखवा.
ज्यांना एकच आहे त्यांनीसुद्धा.
म्हणा: शून्य.
इतकी वर्षं न सांगता कळत होतं,
खरंय.
पण घरात दुसरे 'अहो' आले
की नाव घ्यावंच लागतं.

बेचाळीस झाले.
त्रेचाळिसावी चिप कुणाकडेच नव्हती.
शोधता शोधता केमीच्या बंदरात निघाली,
बर्फ फोडणाऱ्या जहाजाच्या इंजिनखोलीत,
एका म्हाताऱ्या पडद्यामागे.
ओन्नी रौतियो नावाचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, बघतो.
उणे एकोणतीस होतं.
पेनड्राइव्ह त्याने बनियनच्या आत ठेवून नेला.
मग दोन दिवस काहीच नाही.
आपण एक अख्खं जहाज आंधळं केलं,
असं तिला त्या दोन दिवसांत
भांडी घासताना वाटलं, सॉनात वाटलं,
पहाटे चारला तर नक्कीच वाटलं.
तिसऱ्या दिवशी उत्तर:
"लागतो. डाव्या कडेला हिरवट दिसतो.
तो आधीपासूनच हिरवट आहे."

तैस्तोची टीप तिने काढली.
काढलेली ओळही जात नाही म्हणा,
इतिहासात राहते, लाल रंगात,
पुढे एक वजा आणि त्याचं नाव.

दारांची यादी किती लांब ठेवायची?
तिने आठ लिहिलं.
आठाहून जास्त कुणाला लागणार आहेत!
हात तिथेच थांबला.
खिडकीबाहेर एक बाई कुत्र्याला
पुलावरून ओढत नेत होती, कुत्रं यायला तयार नव्हतं.
आठच ठेवलं.

संध्याकाळी बोर्ड पुन्हा चालू केला.
एक उजळला. दोन. तीन.
चौथा काळाच.
तासभर ती कोडात शोधत राहिली,
ओळ न् ओळ, शून्यापासून तीनपर्यंत मोजत,
तीनपासून परत शून्यापर्यंत.
मग टेबलाखाली वाकली.

केबल तीनच होत्या.

कोट चढवला. सायकलच्या सीटवरचा बर्फ
बाहीनेच झटकला.
दुकान सहाला बंद होतं.