कडी

गुंफाबाईच्या हातात लोखंडाची कडी असते,
शेंदूरजनाघाटच्या शेडमध्ये, सकाळी सातपासून.
संत्रं कडीतून सुटलं की लहान,
अडकलं की मोठं.
मोठं ढाक्याला, मधलं दिल्लीला,
लहान वरुडच्या रस्त्यावर, रसवाल्याकडं.
एवढंच शास्त्र. बत्तीस बहार तिनं ते
डोळ्यांनी नाही, अंगठ्यानं पाळलं.

मी पेट्यांवर शिक्का मारायचो,
बांगला अक्षरं, मला न वाचता येणारी.
"काय लिवलं हाय रे बापू?"
मी म्हणायचो, तुझं नाव.
ती हसायची, आणि पुढची पेटी
जरा नीट भरायची.

मग एका बुधवारी शफीकचा फोन आला सीमेवरून.
गाड्या उभ्या. किलोमागे आणखी टके.
मी पेटीच्या फळीवर शाईनंच गुणाकार केला.
उत्तर फळापेक्षा महाग निघालं.

चहा दोनदा आला.
मुनीम म्हणाला, आपण त्यांचा कांदा अडवला,
त्यांनी आपलं संत्रं.
उकंडराव बराच वेळ कपात बघत होते.
"मंग नाशकाचा कांदा
माह्या झाडाले काहून लागला?"

त्यांचा नातू मोबाईलवर वाचून दाखवत होता,
करार, कलम, मर्यादा, सवलत,
प्रत्येक देशाला आपला शेतकरी राखायचा हक्क.
तिकडं म्हणे टेकड्यांवर कोणी माल्टा लावलाय,
नवी झाडं, चौथं वर्ष.
"चौथं?" उकंडरावांनी मान वर केली,
"मंग त्याले डिंक्या सांभाळा लागीन."
एवढं बोलून ते उठले, चप्पल शोधू लागले.

आपल्या सरकारनं अर्धा भार उचलायचं ठरवलं.
अर्ज आला तेव्हा आंबिया उतरून गेला होता.
अर्जात निर्यातदाराचा रकाना होता, ट्रकचा होता,
झाड लावणाऱ्याचा नव्हता.

त्याच महिन्यात आफ्रिकेची तूर
बिनशुल्काची बंदरात उतरली.
गुंफाबाईची दोन एकरांतली तूर
मोर्शीच्या बाजारात तिसऱ्या दिवशी विकली गेली,
तीही मान खाली घालून.
शेडमधल्या पोरी म्हणाल्या, मावशी, डाळ उतरली.
ती म्हणाली, बरं झालं.
खरंच म्हणाली.
मी तिचा चेहरा पाहिला होता.

आज ढाक्याची पेटी नाही, तरी ती कडी सोडत नाही.
मोठं फळ अडकतं, ती ते वेगळं ठेवते,
मग आठवून पुन्हा ढिगात टाकते.
वेगळं ठेवते. ढिगात टाकते.
दुपारी कडी माझ्यासमोर धरून म्हणाली,
"हे तं आपल्या इठोबा लोहारानं वाकवली.
ते दुसरी कोनं वाकवली रे?"

मला सांगता आलं नाही.
मी ब्रश रॉकेलमध्ये बुडवला.
तिनं कोपऱ्यातल्या कोऱ्या पेट्यांकडं पाहिलं.
"आन् माहं नाव आता कुठी जाते?"

बाहेर ट्रॅक्टरमध्ये
मोठी संत्री लहानांच्या भावात पडत होती,
आवाज मात्र मोठ्यांचाच येत होता.