गो, नो-गो

उद्यमबागेतल्या आमच्या शेडात तीन लेथ.
चालू आहे एक.
बाकीच्या दोघांवर कल्लाप्पा सुळगेकरनं
लेकीच्या लग्नातलं बॅनर पांघरलंय.
जावयाचं तोंड बरोबर हेडस्टॉकवर आलंय.

कोइमतूरचा पंपवाला संक्रांतीपासून फोन उचलत नाही.
बिडाचा भाव चढला, टूलचा चढला,
आमचा दर नगाला अकरा रुपये,
तेवढा मात्र चार वर्षं जागचा हलला नाही.
घरी शेवंता तेलाची पिशवी कापते,
उलटी करून डब्याच्या तोंडावर ठेवते रात्रभर.
सकाळी जे जमलेलं असतं
त्यावर फोडणी.

परवा एक साहेब आले.
हात जोडूनच गाडीतून उतरले,
दार कुणी उघडलं ते दिसलं नाही.
देश जगात कितव्या नंबरावर आहे ते त्यांनी सांगितलं.
कल्लाप्पानं विचारलं,
"आणि आमचं करंटचं बिल ओ? ते कितव्या नंबरावर हाय?"
साहेब हसले. फोटो झाला.
फोटोत माझा अर्धा कान आहे.

दुपारी दुसऱ्यांची रिक्षा फिरली,
आधी कन्नड, मग मराठी, आवाज एकच.
कन्नडमधे आश्वासनं सहा, मराठीत पाच.
शिवलिंग बडिगेरनं बोटावर मोजली,
माझ्याकडे बघून म्हणाला,
"तुझं एक माझ्याकडं आलंय चुकून. देऊ काय परत?"
इटको, म्हटलं. ठेव तुलाच.
बराच वेळ हसलो आम्ही. मशीन तसंही थांबलेलंच होतं.

तिसरे आमचेच.
माझ्या आज्जाच्या तोंडची घोषणा त्यांना पाठ.
पाटीवरच्या अक्षरांबद्दल बोलले, घसा बसेपर्यंत.
दुखतं ओ, मलाही दुखतं,
सातबारा परक्या अक्षरांत आला की
लेकराकडून वाचून घेताना मान खाली जाते.
पण दारावर पाटी कुठल्या लिपीत, हे भांडायला
आधी दार पाहिजे.
हे मी बोललो नाही. त्यांच्या गाडीत माझा मेहुणा बसला होता.

माझ्या खिशात एक प्लग गेज असतो.
एका टोकाला गो, दुसऱ्याला नो-गो.
गो आत गेला पाहिजे.
नो-गो अडला पाहिजे.
दोन्ही जमलं तर नग चांगला,
एवढीच माझी अठ्ठावीस वर्षांची विद्या.
जॉबला ओळख चालत नाही, जात चालत नाही, गाव चालत नाही.
ही माणसं आली की माझा हात आपोआप खिशात जातो.
गो जातो. सगळ्यांच्यात जातो, लोण्यात गेल्यासारखा.
मग उलटा करतो
आणि नो-गोपण सुळकन आत.
कुठं अडतच नाही काही.
असा नग आम्ही भट्टीत परत टाकतो.

मतदानाला अनगोळच्या शाळेत रांग होती.
बाकं लहान, भिंतीवर पाढे.
शाईवाल्या बाईंनी माझं बोट धरलं, बघितलं,
"कै तोळकोंड बर्री," म्हणाल्या.
धुवूनच आलोय बाई. हे जात नाही.
ऑइल नखाच्या मुळाशी बसलंय,
ह्याच्यावर तुमची शाई उठायची नाही.
त्यांनी पदराच्या टोकानं पुसून बघितलं,
मग काळ्यावरच काळी रेघ ओढली.

सगळ्यात खालचं बटण बघितलं, कुणीच नको म्हणायचं.
तो नो-गो. बरोबर अडतो.
पण नुसत्या नो-गोवर नग पास होत नाही,
आणि महिनाअखेर तर येतेच.
बोट मधे थोडं थांबलं.
मागचा माणूस खाकरला.
बीप.

कुठं दाबलं ते शेवंतालाही सांगितलेलं नाही.

शेडात आलो तर शिवलिंगनं
मधल्या लेथवरचं बॅनर काढलेलं.
जावई घडी घालून स्टुलावर.
माझ्या छातीत काहीतरी हललं.
"काम आलं काय रे?"
"नाही," तो म्हणाला, चिंधी तेलात बुडवत,
"बेड गंजालाय."