शेरेबुक

फॉर्मवर रकाने होते :
इमारतीचे नाव, वापर, वय.
गोठिवली शाळा. वापर : बंद.
वय
इथे पेन थांबलं.

शिपाई काशिराम मढवी म्हणाले, थांबा मॅडम,
आणि खिचडीच्या रिकाम्या डब्यांमागून
एक वही काढली.
कडा वाळवीने खाल्लेल्या,
भरतीने कुरतडलेल्या बांधासारख्या.

"सन १९०७, माहे आगस्ट. पटावर मुले ४१, हजर १९.
इमारत पूर्वी मिठाची वखार होती.
भिंतींस ओल. पाट्या सुकत नाहीत.
खिडक्या जमिनीपासून सात फुटांवर.
मिठास ते ठीक, मुलांस नव्हे.
तिसरे इयत्तेस अक्षर दिसेना,
सबब परीक्षा तोंडी घेतली."

"सन १९०८. वरीलप्रमाणे.
कौले फुटली, नग २१४.
बादशहांचे तसबिरीस बुरशी, चेहरा ओळखत नाही."

तसबीर त्याच महिन्यात नवी आली.
पोच वहीला चिकटवलेली आहे, ठाण्याच्या शिक्क्यासह.
कौलांची पोच मी बरीच शोधली.

"सन १९०९. वरीलप्रमाणे. एक वासा मोडला."

"सन १९१०. मास्तर अनंत मोरोबा चुरी यांस ताकीद :
मुले भिंत चाटतात.
कैरीचे दिवसांत विशेष.
मास्तरांचा खुलासा सोबत जोडला आहे."

खुलासा नाही.
टाचणीची दोन गंजकी भोकं आहेत.

मी हॅमर घेतला. भिंतीवर टेकवायचा, दाबायचा,
आकडा वाचायचा.
बावीस. एकोणीस. चौदा.
गिलावा पिठासारखा बुटांवर सांडत राहिला.
'क्षारांचा प्रादुर्भाव : तीव्र,' मी लिहिलं.
काशिराम मागून म्हणाले,
आम्ही पण चाटलीय हो, पंच्याहत्तर साली.
बाईंनी मारलं होतं.
त्या कोपऱ्यातली जास्त खारट.

त्या कोपऱ्यात आवाज बदलला.
उत्तरेची भिंत, जमिनीपासून अडीच फूट,
टपालपेटीएवढा चौकोन,
पोकळ.
नकाशात नाही.

वही पुन्हा उघडली.

"सन १९११. उत्तरेकडील भिंतीस दोन विटांएवढे भोक आढळले.
कोणी पाडिले, विचारता कोणी सांगेनात.
मास्तर फळा पुशीत राहिले.
सरकारी इमारतीचे नुकसान. ताबडतोब बुजवावे."

"सन १९१२. भोक बुजविलेले नाही.
वाढले आहे."

"सन १९१३. भोकास सागवानी झडप बसविली आहे.
खर्च बोर्डाकडे मागितलेला नाही.
झडपेशी बसण्यावरून मुलांत भांडणे होतात.
पाट्या कोरड्या.
हजर ३३."

यापुढे डिपोटींनी काही म्हटलेलं नाही.
सहीच्या खाली शाईचा एक ठिपका आहे,
पेन जरा वेळ टेकवून ठेवल्यासारखा.

झडप कधी गेली, भोक कोणी बुजवलं, वहीत नाही.
पुढची पानं कोरी, किंवा कुणाचे तरी किराण्याचे हिशेब.
त्या भोकातून काय दिसत असेल?
मिठाच्या राशी, पडाव,
कुणाची तरी आय डोक्यावर पाटी घेऊन बांधावरून जाताना.
आता पलीकडे काचेची कंपनी आहे.
तिचे दिवे दिवसाही विझवत नाहीत.

फॉर्म भरला. वर्ग : सी-१. अतिधोकादायक.
शिफारस : पाडणे.
त्यात चूक काही नाही. चौदा म्हणजे चौदा.

काशिराम कुलूप शोधत होते.
मी वहीचं शेवटचं कोरं पान काढलं,
तारीख घातली, आणि माझ्या न वळणाऱ्या मराठीत
लिहिलं :

उत्तरेकडील भिंतीस भोक आहे.
बसलेल्या मुलाच्या डोळ्यांइतक्या उंचीवर.
बुजविलेले आहे.
वाजवले असता कळते.