अकरा, बारा

बाराचे अकरा मी केले,
रात्री दोन वाजून सात मिनिटांनी,
तार्तूच्या इस्पितळात, अपघात विभागाच्या काचेमागे,
जिथं माझं काम एवढंच :
नाव काय, जन्मतारीख काय, कुठे दुखतंय.
बाहेर बर्फ. त्या रात्री कुणालाच काही दुखत नव्हतं.

हालिलाइद नावाचं बेट.
वस्ती एकोणचाळीस, दीपगृह एक,
आणि त्रेपन्न सालच्या ऑक्टोबरात बुडालेली मच्छीमारांची होडी.
मृत : अकरा.
तिथं कुणा लेम्बी४७ नं बारा लिहिलं होतं.
मी कळ दाबली.
खाली लिहिलं, संदर्भ हवा.
टपालाचा शिक्का मारावा तसं, न बघता.

त्याच रात्री मी आणखीही पुसलं :
कुण्या पोरानं गणिताच्या मास्तरांना
पोर्तुगालच्या राजांत बसवलं होतं, ते.
आणि बीव्हरच्या पानावर, दातांच्या वर्णनाखाली,
'मला इथून घेऊन जा'.
ते पुसताना जरा थांबलो. मग पुसलंच.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बारा.
मी अकरा.
ती बारा.
मी अकरा.
मग चर्चेच्या पानावर सगळं एका दमात, एकही स्वल्पविराम नाही :
बारावे माझे वडील ते यादीत नव्हते कारण ते कुठल्याच यादीत नव्हते
जंगलातून परतले तेव्हा त्यांनी कागद केला नाही
कागद करणं म्हणजे आपल्या पायांनी पूर्वेच्या गाडीत चढणं
तांडेलानं त्यांना अर्ध्या पोत्या बटाट्यांवर होडीत घेतलं
मी सहा वर्षांची होते त्यांचे कोरडे बूट घेऊन धक्क्यावर उभी होते
तुम्ही कोण

मी कोण.
तिथलं माझं नाव रातवा.
खरं नाव उर्मस, ते तिला कुठून कळणार.
उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं :
बाई, माझा तुमच्यावर विश्वास आहे.
पण उद्या कुणी येईल, म्हणेल तेरावा माझा बाप,
आणि तो खोटं बोलत असेल,
अगदी तुमच्याच आवाजात.

चार रात्री ती आली नाही.
मी वाचनालयाच्या तळघरातून
जुना ज्ञानकोश काढून घेतला. आठ खंड, तपकिरी, जडशीळ.
पाच संपादक, पाचही नावं सोनेरी.
पाचामुखी परमेश्वर.
हालिलाइदला साडेतीन ओळी,
त्यात सहकारी मासेमारीची प्रगती, टक्क्यांत.
होडी नाही.
बारा नाहीत, अकराही नाहीत,
आणि कुणी काही खोडल्याची एवढीशी खूणही नाही.
कागद इतका गुळगुळीत की बोट घसरतं.

पाचव्या रात्री पान हललं.
लेम्बी४७ : दीपगृहाची उंची सत्तावीस नव्हे, सव्वीस पूर्णांक चार.
संदर्भ : बंदर खात्याची नोंदवही, पान एकोणीस.
मृतांच्या आकड्याला तिनं हात लावला नव्हता.
आठवड्याभरात शेजारच्या बेटावरचा
चाच्यांचा खजिना तिनंच उडवला,
कारण दिलं, दोनच शब्दांत,
माझेच.

भाची विचारते, मामा, त्यावरचं खरं असतं का?
मी तिच्या हातातला लोकरी मोजा उलटा करतो.
बाहेरून नुसती नक्षी.
आत बघ, कुठे धागा संपला, कुठे दुसरा जोडला,
कुठे आजीचं चुकलं आणि तिनं उसवलं.
आधी हे बघायचं, मग घालायचा.
ती म्हणते, म्हणजे हो की नाही?
मला सांगता येत नाही.

पानाच्या मागे, इतिहासात, सगळं आहे तसं आहे :
बारा, अकरा, बारा, अकरा,
समोर तारीख, मिनिट,
तिचं नाव, माझं नाव, आलटून पालटून.
आणि चर्चेत, माझ्या उत्तराखाली,
फेब्रुवारीत कधीतरी तिनं घातलेली शेवटची ओळ :

बूट त्रेचाळीस नंबरचे होते. याला संदर्भ नाही.