लाल वायर

पहाटे तीन वाजून दहा मिनिटं.
चिव.
मग चाळीस सेकंद काही नाही. मग परत,
चिव.

ग्लेस बेला फेब्रुवारीत अंथरुणातून उठणं
म्हणजे आपल्याच हातानं आपली साल काढणं.
तरी उठलो. नवी बॅटरी घातली. चिव.
शिडीवर उभा राहून गेलिकमधून शिवी घातली,
बापाची भाषा, मला आता तिच्यातल्या
शिव्याच तेवढ्या येतात.
चिव.

उजाडल्यावर उलटा फिरवून उतरवला.
पाठीवर तारीख: ऑगस्ट, दोन हजार नऊ.
खाली मुंगीएवढ्या अक्षरात: दहा वर्षांनी बदला.
म्हणजे गेली पाच वर्षं मी आणि मांजर
एका मेलेल्या पहारेकऱ्याच्या भरवशावर घोरत होतो.
त्याचा हिरवा डोळा मात्र उघडा.

तळघरात खटक्यांच्या पेटीवर
आधीच्या मालकाचं पेन्सिलीचं अक्षर:
जिना. फ्रीज. पंप. नक्की माहीत नाही.
आमचे तिन्ही अलार्म निघाले
'नक्की माहीत नाही'वर.
तो पाडला. टेस्टर लावला. परत लावला.
वयाच्या एकसष्टीला माणूस विजेवर
एकदाच विश्वास ठेवत नाही.

छतातून तीन वायरी लोंबत होत्या.
काळी आणते, पांढरी परत नेते.
लाल काही आणत नाही, काही नेत नाही,
ती फक्त सांगते.
तळघरात बोंब उठली की जिन्यावर, जिन्यावरून माडीवर,
एकाला ठेच लागली की तिघं कळवळतात.
जुना प्लग नव्याला बसेना, म्हणून
वायरी पिळल्या, टोप्या घातल्या, छताच्या पोटात कोंबल्या.
मान अवघडली. स्क्रू पडला, मांजरानं पळवला.

त्या वायूला वास नाही, रंग नाही.
माझा बाप त्याला चांगला ओळखायचा.
समुद्राच्या तळाखाली कोळसा खणायचे ते,
डोक्यावर लाटा, लॉब्स्टरवाल्यांच्या होड्या.
म्हणायचा, स्फोट ज्यांना गाठतो त्यांना गाठतो,
उरलेल्यांकडे हा येतो, पाय न वाजवता.
मग माणसं बसलेली सापडतात
गाल लाल, जशी लग्नाहून आलेली.

घर कंपनीनं बांधलेलं: एक छप्पर, मधे भिंत, दोन दारं.
माझा अर्धा करडा, एफी मॅकिसॅकचा अर्धा पिवळा,
आणि रंगाची रेघ कौलापासून पायरीपर्यंत
सुरीनं केक कापावा तशी.
अकरा वर्षं आम्ही बोललेलो नाही.
मी फावड्यानं माझा बर्फ तिच्या बाजूला लोटला,
असं ती म्हणते.
(लोटला होता.)
लाल वायर त्या भिंतीपाशी थांबते.
वायू थांबेल, असं मला वाटत नाही.

खटका वर केला. हिरवा दिवा.
बटण दाबून धरलं, आणि
तिन्ही मजले एकदम किंचाळले.
मांजर सोफ्याखाली. माझी छाती जागेवर नाही.
मग शांत.
आणि त्या शांततेत, भिंतीतून,
टक. टक. टक.

मी बोटाच्या पेरानं दोनदा वाजवलं.
त्याचा अर्थ काय, मला विचारू नका.

खोक्यात चार होते, लागले तीन.
चौथा रात्री तिच्या पायरीवर ठेवला,
चोरासारखा, बूट न वाजवता.

सकाळी तो माझ्या पायरीवर परत.
अंड्यांच्या खोक्याच्या तुकड्यावर लिहिलेलं:
माझ्याकडे आहे. गेल्या मार्चात बसवला.
तुझ्या भट्टीचा पाइप भिंतीतून निघतो
तिथं सांध्यात गंजलाय.
माझ्या खिडकीतून दिसतं.
दोन वर्षं दिसतंय.

सही नाही.
टॉर्च घेऊन बाहेर गेलो, वाकून पाहिलं.
गंजलाय.
दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, तासाभरात येतो,
तोवर भट्टी बंद ठेवा, खिडक्या उघडा.

आता घरात बसून गारठण्यापेक्षा,
बाहेर आलोच आहे, तर
फावडं घेतलं.