गाली

अकरा मिनिटं चालतं, मग मरतं.
तीनदा घड्याळ लावून पाहिलं मी.
आधी आवाज वर-खाली, जिना चढून आलेल्या माणसासारखा,
मग पांढरट धूर,
मग सहाही माग गप्प.
अर्ध्या टॉवेलात धोटा जिथं असेल तिथं.
अर्धा तास तसंच सोडलं तर पुन्हा सुरू होतं,
जसं काही झालंच नाही.

दत्तनगरात लाइट गेलीय सकाळी दहाला.
पत्र्याखाली बेचाळीस तरी असेल.
दस्तगीर मिस्त्री कलबुर्गीला, भाचीच्या लग्नात.
फोनवर त्यांच्यामागं बँड वाजतोय,
आणि बँडच्या वरून ते ओरडतायत :
फिल्टर बदल, बेटी.

बदलला. जुन्यातून निघालं
काळं, चिकट, काकवीसारखं.
अकरा मिनिटं.

हवा धरली असेल, हवा काढ.
दहा नंबरचा पाना, स्क्रू दोन आटे ढिला,
हातपंप अंगठ्यानं दाबत राहिले,
फेस आला, बुडबुडे आले, मग आणखी बुडबुडे,
मग एकदाची सलग पिवळी धार.
सिद्रामनं हँडल फिरवलं, पट्टा धरला,
आम्ही दोघं हसलोसुद्धा.
अकरा मिनिटं.

तांब्याचे वॉशर नवे टाकले.
पाइप सोडवून तोंडानं ओढून पाहिला,
डिझेलची चव जिभेवरून जात नाही,
वर गुळाचा खडा खाल्ला तरी.
टाकीला काचेची नळी आहे बाजूला,
तीत अर्ध्यावर डिझेल स्वच्छ दिसतंय.
आहे, पण येत नाही.
शुक्रवारी दोनशे डझन द्यायचेत,
आणि मी एका नळीकडं बघत उकिडवी बसलेय.

शेडच्या दाराशी खाटेवर नायना.
झटका आला त्याला आठ महिने झाले,
चाळीस वर्षांच्या बोलण्यातले पाच-सहा शब्द उरलेत :
नीळ्ळु, म्हणजे पाणी. माझं नाव, तेही अर्धं.
आणि गाली.
आमच्या तेलुगूत गाली म्हणजे वारा, हवा,
सिद्रामच्या कन्नडमध्ये ल चा ळ, बाकी तीच.
सकाळपासून तो म्हणतोय, गाली, गाली,
आणि मी सकाळपासून म्हणतेय,
लाइट नाही नायना, पंखा कसा लावू.
एकदा पुठ्ठ्यानं वारा घातला
तर चांगल्या हातानं त्यानं पुठ्ठा ढकलला.

चौथ्यांदा बंद पडलं तेव्हा
मी पाना फेकला. तो टाकीवर आपटला,
आणि टाकीशेजारी खिळ्याला लोंबणारी सुई हलली.
दाभणापेक्षा बारीक, सुताला बांधलेली.
मी लहान असल्यापासून तिथंच आहे.
तिच्यात मी लाइटबिलं ओवून ठेवते.
नायना सुईकडं बघत होता.
माझ्याकडं नाही, पंख्याकडं नाही.

झाकणाला मध्ये एक भोक असतं.
ते मला ठाऊक नव्हतं,
कारण तिथं भोक नव्हतंच दिसत :
कापसाचा कोंडा, वर तेल, वर पुन्हा कोंडा,
आठ महिन्यांचा नमदा जमून काळा झालेला.
दर शनिवारी तो काय करायचा तिथं वाकून,
मला वाटायचं, नमस्कार करतोय.

झाकण फिरवलं. टाकीनं
स्स करून एवढा लांब श्वास ओढला
की सिद्राम मागं सरकला.

म्हणजे पाइपात हवा असली तरी मरतं
आणि टाकीत हवा नसली तरी मरतं.
मी दिवसभर पहिलीच काढत होते.

लाइटबिलं काढून खिशात घातली.
सुई भोकातून आरपार, दोनदा, तीनदा,
झाकण घट्ट. हँडल.
माग लागले एकामागून एक,
चौथा नेहमीसारखा जरा उशिरा.
बारा मिनिटं. चौदा.
एकोणिसाव्यानंतर बघायचं विसरले.

संध्याकाळी फोन. मागं अजून बँड.
काय निघालं, बेटी?
गाली, मी ओरडले, गाली!
क्या? किसने दी गाली?

नायनानं, म्हटलं.